कातारी वॉलिंग्टनच्या पन्नास वह्या

१६५४ साली लंडनमधल्या एका छप्पन्न वर्षांच्या दुकानदाराने आपल्या वह्या मोजल्या. विशीपासून तो त्या भरत आला होता. दुकान उघडण्याआधी, पहाटे, कधी मध्यरात्र उलटल्यावर लगेच उठून मेणबत्तीच्या उजेडात तो लिहायला बसे. पन्नासाव्या वहीत त्याने नवीन काही लिहायचं सोडून आधीच्या सगळ्या वह्यांचा गोषवारा काढला. कुठल्या वहीत काय आहे, आपल्या आयुष्यात काय काय घडलं, त्याचा हिशोब मांडला. आज हाती असलेलं त्याचं लिखाण इथे संपतं. चार वर्षांनी, १६५८ मध्ये, तो वारला.

त्याचं नाव नेहेमाया वॉलिंग्टन. त्याने लढाई जिंकली नाही, शोध लावला नाही, कविता लिहिली नाही. तो फार पैसाही कमावू शकला नाही. लंडन ब्रिजच्या उत्तर टोकापासून जवळ, ईस्टचीप नावाच्या गजबजलेल्या बाजारपेठेत त्याचं दुकान होतं आणि त्याचा धंदा होता कातारकाम.

कातारी हा शब्द आता आपल्याकडेही मागे पडला आहे. लाकूड गरगर फिरवत ठेवायचं आणि त्याला धारदार पटाशी लावून गोल आकार काढायचा, हे कातारीचं काम. लाटणं, ताक घुसळायची रवी, भोवरा, पाळण्याचे गुळगुळीत खांब या सगळ्या कातारीच्या वस्तू. वॉलिंग्टनच्या लंडनमध्ये कातारी खुर्च्या-स्टुलांचे पाय, लाकडी वाडगे, ताटल्या, डाव, चात्या असा माल करत. यंत्र साधं होतं. खाली पायाने दाबायची फळी, वर लवचिक काठी आणि दोन्हींना जोडणाऱ्या दोरीचा लाकडाला वेढा. फळी दाबली की लाकूड एका बाजूला फिरे, पाय उचलला की काठी दोरी वर खेचून घेई आणि ते उलटं फिरे. पटाशी फक्त दाबतानाच लावायची. दिवसभर हेच. या कारागिरांच्या संघाला १६०४ मध्ये राजाची सनद मिळाली होती. संघाचा सभासद झाल्याशिवाय शहरात कोणाला हा धंदा करता येत नसे.

नेहेमायाचे वडीलही कातारी होते, भाऊ जॉनही. १६२० मध्ये वडिलांच्या हक्काने त्याला संघात प्रवेश मिळाला. दुकान सुरू झालं. पुढच्या वर्षी ग्रेस रॅम्पेन या मुलीशी लग्न झालं. इथपर्यंत ही चारचौघांसारखीच गोष्ट आहे. पण त्याआधीची दोन-तीन वर्षं फार वाईट गेली होती.

नियमांची वही

अठरा-वीस वर्षांचा असताना नेहेमायाने अनेकदा जीव द्यायचा प्रयत्न केला. आपण पापी आहोत, आपल्याला सुटका नाही, या विचाराने त्याला पछाडलं होतं. तो कडव्या प्युरिटन वळणाच्या घरात वाढला. या पंथात माणसाने स्वतःचं मन रोज तपासायचं असे. आज कुठे चुकलो, का चुकलो, देवाने कुठे सावरलं, सगळं पाहायचं. ज्याचं मन मुळातच हळवं आहे, त्याच्यासाठी हे तपासणं शस्त्रासारखं दुधारी. नेहेमायाला त्याने जखमाही केल्या आणि पुढे त्यानेच वाचवलंही, कारण याच सवयीतून त्याने वही हातात घेतली.

सुरुवातीच्या वह्यांत त्याने स्वतःसाठी नियम लिहिले. आधी तीसेक होते, काही वर्षांत ते ७७ झाले. अमुक वाजता उठायचं, रागावायचं नाही, गिऱ्हाइकाशी खोटं बोलायचं नाही, बायकोशी नीट वागायचं. नियम मोडला की दंड, आणि दंडाची नाणी गरिबांसाठी ठेवलेल्या पेटीत. आज कोणी फोनवर सवयींचं ॲप लावतं आणि एक दिवस चुकला की हिरमुसतं, तसाच हा प्रकार. फरक इतकाच, की वॉलिंग्टनच्या चुकीतून निदान एखाद्या गरिबाच्या भाकरीची सोय होत असे.

नियम मोडत राहिले. वर्षं गेली तरी तो त्याच त्याच चुका लिहिताना दिसतो. धंद्यातही फार चमक नव्हती. दुकानातल्या माणसाने चोरी केली, ते त्याच्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं. आपण देवाच्या कामात असताना दुकान बुडतंय आणि दुकानात असताना देव विसरतोय, ही त्याची कायमची तक्रार होती. चांगला माणूस आणि चांगला दुकानदार दोन्ही एका वेळी कसं व्हायचं, हे कोडं त्याला सुटलेलं दिसत नाही.

ऑक्टोबर १६२५

१६२५ मध्ये लंडनमध्ये प्लेगची मोठी साथ आली. शहराच्या मृत्यूच्या नोंदींत त्या वर्षी प्लेगचे सुमारे ३५ हजार बळी दिसतात. ज्यांना जमलं ते श्रीमंत गावाबाहेर गेले. दुकानदार आणि कारागीर राहिले. वॉलिंग्टन राहिला.

आजूबाजूच्या घरांत माणसं मरत असताना तो रात्री पडल्या पडल्या विचार करी, की आपल्या घरात आधी कोण जाईल? मी, बायको, मुलगी, की मोलकरीण? हे त्याने लिहून ठेवलं आहे. मोलकरणीला साथीने गाठलं. मग पाळी आली एलिझाबेथची. ती जेमतेम तीन वर्षांची होती.

तिच्या शेवटच्या दिवसांचं वॉलिंग्टनचं वर्णन अगदी लहान आहे. आई भांडी विसळत होती. मुलगी खुशीत होती, आईजवळ जाऊन काहीतरी बोबडं, लाडाचं बोलली. रात्री सगळे अंथरुणावर पडल्यावर तिने वडिलांना सांगितलं, की उद्या ती बाहेर जाणार आहे आणि त्यांच्यासाठी प्लम-पाय विकत आणणार आहे. म्हणजे कणकेच्या पारीत मनुका आणि सुकी फळं भरून भट्टीत भाजलेला गोड खाऊ. बापाने लेकीला खाऊ आणायचा, ही जगाची रीत. इथे लेक बापाला खाऊ कबूल करते. आपल्या कानांनी ऐकलेले तिचे हे शेवटचे शब्द, असं तो लिहितो. दोन-तीन दिवसांतच, पहाटे चारच्या सुमारास, ती गेली.

पुढे जे झालं, तेही त्याने लपवलं नाही. दुःखात आपण स्वतःला विसरलो, देवाला दिलेली वचनं मोडली, कोणाचंही समजावणं ऐकेना झालो, असं तो नोंदवतो. समजावणाऱ्यांत ग्रेस होती. मुलीला नऊ महिने पोटात वाढवलेली ग्रेस त्याला म्हणाली, की इतका शोक करून तुम्ही देवाला दुखावत आहात. ज्याने दिली त्याला मी ती तितक्याच मोकळ्या मनाने परत केली. या जगातल्या किती त्रासातून ती सुटली, तेही बघा.

वॉलिंग्टन दांपत्याला पाच मुलं झाली. चार लहानपणीच गेली. एकच मुलगी, सारा, मोठी झाली.

त्यानंतर पाच-सहा वर्षांनी, १६३० च्या आसपासच्या दुष्काळात, इकडे देहूतल्या एका वाण्याच्या घरातही पहिली बायको आणि मुलगा गेला आणि दुकान बुडालं. तुकारामांच्या आणि वॉलिंग्टनच्या जगांची एकमेकांना खबरही नव्हती. दोघांना शेजारी ठेवल्यावर साम्यापेक्षा फरकच अधिक दिसतो. तुकारामांकडे अभंग होता. वॉलिंग्टनकडे प्रतिभा नव्हती. त्याची वाक्यं लांबट, तीच ती, धर्मग्रंथांतल्या वचनांनी भरलेली आहेत. प्रतिभा नसलेल्या माणसाचं दुःख सहसा त्याच्याबरोबरच जातं. हे राहिलं, कारण त्याला नोंद ठेवायची खोड होती.

दुसऱ्यांची मरणं

आता याच माणसाची दुसरी वही उघडू. तिच्यात त्याने देवाच्या शिक्षांचे दाखले गोळा केले आहेत. रविवार हा देवाचा वार, त्या दिवशी काम किंवा खेळ करायचा नाही, असं प्युरिटन मानत. म्हणून रविवारी खेळणाऱ्यांचं, दारू पिणाऱ्यांचं काय झालं, याच्या गोष्टी तो जमवत असे. १६३४ च्या कडाक्याच्या हिवाळ्यात ट्रेंट नदी गोठली होती. गेन्सबरोजवळ काही तरुण पोरं रविवारी बर्फावर फुटबॉल खेळायला उतरली. बर्फ फुटला, पोरं बुडाली. वॉलिंग्टनच्या वहीत हा शिक्षेचा दाखला म्हणून आहे. विषय संपला.

त्या पोरांनाही बाप असतील. त्यांच्याही घरी आदल्या रात्री कोणी काही कबूल केलं असेल. वॉलिंग्टनच्या लेखणीला ते सुचत नाही. स्वतःच्या मुलीच्या मरणाला मात्र त्याला असा एका ओळीचा अर्थ लावता येत नाही. तिथे तो भांडी विसळणारी आई लिहितो, खाऊ लिहितो, पहाटेची वेळ लिहितो. दूरच्या माणसाचं मरण त्याच्या हाती उदाहरण बनतं, घरातल्याचं बनत नाही. यासाठी त्याला ढोंगी म्हणता येईल. पण मग आपल्यापैकी कोण सुटेल? कुठल्याशा अपघाताची बातमी वाचून ‘वेगात गाडी चालवत असणार’ म्हणून पुढे सरकताना आपणही तेच करत असतो.

त्याच्या या नोंदींमुळे इतिहासकारांचं मात्र भलं झालं. फेब्रुवारी १६३३ मध्ये लंडन ब्रिजला आग लागली. त्या काळी पुलावर दोन्ही बाजूंना घरं आणि दुकानं होती. एका सुया बनवणाऱ्याच्या घरात मोलकरणीने गरम राखेचं घमेलं जिन्याखाली ठेवलं, तिथून आग पेटली आणि चाळीसहून अधिक घरं जळाली. खाली थेम्स, पण थंडीने इतकी गोठलेली की पाणी मिळेना. इतक्या तपशिलाने हे सांगणारा साक्षीदार वॉलिंग्टन आहे. आग त्याच्या घरापर्यंत पोचली असती. पोचली नाही, म्हणून त्याने ती देवाच्या कृपेच्या खात्यात मांडली. आपल्याला त्या खात्यातून राख, जिना आणि गोठलेली नदी मिळाली.

बातम्यांचे चोर

हा काळ साधा नव्हता. राजा पहिला चार्ल्स आणि पार्लमेंट यांच्यातलं भांडण चिघळत होतं. १६३७ मध्ये प्रिन, बर्टन आणि बॅस्टविक या तिघांचे, चर्चच्या सत्ताधाऱ्यांविरुद्ध लिहिल्याबद्दल, भर चौकात कान कापले गेले. अशा पुस्तकांच्या प्रकरणात पुढच्या वर्षी नेहेमाया आणि त्याचा भाऊ यांनाही स्टार चेंबर या राजाच्या भीतिदायक न्यायालयापुढे चौकशीसाठी जावं लागलं. कातारी घाबरला होता. तो सहीसलामत परत आला, आणि अर्थात तेही लिहून ठेवलं.

मे १६४१ मध्ये राजाचा मुख्य सल्लागार स्ट्रॅफर्ड याला मृत्युदंड द्यावा, म्हणून हजारो लंडनकर वेस्टमिन्स्टरवर चालून गेले. इतिहासाची पुस्तकं त्यांना ‘जमाव’ म्हणतात. त्या जमावात एक वॉलिंग्टन होता. इतकी माणसं एका जागी आपण आयुष्यात पाहिली नव्हती, असं तो सांगतो. काही दिवसांतच, १२ मे रोजी, स्ट्रॅफर्डचं डोकं उडवलं गेलं. जमाव म्हणजे दुकान बंद ठेवून आलेली माणसं, हे या वह्या वाचल्यावर नव्याने कळतं. त्या दिवशीचा गल्ला बुडाला असणार.

त्याच वर्षी स्टार चेंबर रद्द झालं, छापण्यावरचा वचक सुटला आणि लंडनमध्ये पत्रकांचा पूर आला. नोव्हेंबर १६४१ पासून पार्लमेंटच्या बातम्या देणारी साप्ताहिकंही निघू लागली. जॉर्ज थॉमसन नावाच्या पुस्तकविक्रेत्याने त्या वीस वर्षांत गोळा केलेला छापील माल सुमारे २२ हजार नगांचा आहे. वॉलिंग्टन हा या मालाचा गिऱ्हाईक. त्याला राहवत नसे. निघालं पत्रक की आण. अखेर एके दिवशी घरात पडलेला ढीग पाहून त्याला साक्षात्कार झाला, की हे बातम्यांचे कागद म्हणजे चोर आहेत, कळायच्या आत खिसा रिकामा करून गेले. ही कबुली देऊनही तो त्या बातम्या वहीत उतरवतच राहिला. जवळपास पावणेचारशे वर्षांपूर्वीचा हा माणूस सगळ्यात ओळखीचा वाटतो, तो इथे.

युद्ध दाराशी आलं नाही, पण घरात आलं. ग्रेसचा भाऊ आयर्लंडमध्ये स्थायिक झाला होता. १६४१ च्या तिथल्या उठावात तो मारला गेला. त्याच्या विधवेने पुढे एका आयरिश कॅथलिक माणसाचा आसरा घेतला, तेव्हा वॉलिंग्टनने तिला धर्माची आठवण देणारं कठोर पत्र लिहिलं. चहूकडे कत्तली चालू असताना एकट्या बाईने काय करायला हवं होतं, याचं उत्तर त्या पत्रात नाही. मात्र तिच्या मुलाला या जोडप्याने लंडनला आणून घरी ठेवलं आणि धंदा शिकवला. माणसाची मतं आणि माणसाचं वागणं यांच्यात नेहमी थोडी फट असते. वॉलिंग्टनच्या बाबतीत ती फट बहुतेक वेळा त्याच्या बाजूने बोलते.

ग्रेसची वही कुठे आहे?

कुटुंबवत्सल कारागीर म्हणून वॉलिंग्टनची आठवण काढताना एक गोष्ट टोचत राहते. पन्नास वह्या त्याच्या, ग्रेसची एकही नाही. मुलीच्या मरणानंतर ती जे बोलली, ते आपल्याला तिच्या नवऱ्याच्या लेखणीतून कळतं. तो तिच्या धीराने दिपून गेलेला दिसतो. पण तो धीर होता, की नवरा पूर्ण खचलाय हे पाहून कोणीतरी उभं राहायला हवं म्हणून तिने कमरेला बांधलेला पदर होता? पाच बाळंतपणं आणि चार मुलांची मरणं सोसलेली ती बाई रात्री कोणापुढे रडली? नवरा पहाटे लिहायला उठे, तेव्हा दिवसाच्या कामासाठी उठणारं दुसरं कोण होतं? ग्रेसचं बळ नोंदलं गेलं, ग्रेसचा थकवा नोंदला गेला नाही.

सात उरल्या

वॉलिंग्टन गेला त्याच १६५८ च्या सप्टेंबरात इंग्लंडचा सत्ताधीश ऑलिव्हर क्रॉमवेलही गेला. त्याची अंत्ययात्रा राजाच्या थाटात निघाली. दोनच वर्षांत राजेशाही परत आली आणि वॉलिंग्टन ज्या राज्याची वाट पाहत जगला होता, ते संपलं. आणखी सहा वर्षांनी, सप्टेंबर १६६६ मध्ये, त्याच्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या पुडिंग लेनमध्ये एका भटारखान्याला आग लागली आणि जुनं लंडन भस्म झालं. ईस्टचीप गेलं. वॉलिंग्टन ज्या सेंट लेनर्ड चर्चमध्ये आयुष्यभर जात राहिला, तेही जळालं आणि पुन्हा बांधलं गेलं नाही.

पन्नासांपैकी सात वह्या उरल्या. त्रेचाळीस गेल्या. उरलेल्या आज लंडनमध्ये, चेशायरमधल्या टॅटन पार्कमध्ये आणि अमेरिकेतल्या फोल्जर ग्रंथालयात विखुरल्या आहेत. १८६९ मध्ये त्यातला एक भाग दोन खंडांत छापला गेला, तेव्हा नावातच भर होता तो राजा चार्ल्सच्या कारकिर्दीतल्या घटनांवर. कातारी त्यात फक्त खिडकी होता, बाहेरचं दृश्य दाखवणारी. १९८५ मध्ये पॉल सीव्हर या अमेरिकन इतिहासकाराने सगळ्या वह्या वाचून थेट त्याच्यावरच पुस्तक लिहिलं. मधल्या शंभरेक वर्षांत इतिहासाची नजर दरबारातून दुकानाकडे वळली होती. वह्या त्याच होत्या, वाचणाऱ्यांचे प्रश्न बदलले होते.

स्टुलावर बसणारा ते कोणी घडवलं, हे विचारत नाही, आणि ते बरोबरच आहे. चांगल्या कातारकामाची खूण हीच, की हात कुठे अडत नाही. वॉलिंग्टनच्या हातचा माल वापरून झिजला, चुलीत गेला. त्याची भविष्याबद्दलची भाकितं चुकली, शिक्षेचे दाखले आता पटत नाहीत. क्रॉमवेलविषयी जाणून घ्यायचं तर ग्रंथालयं भरलेली आहेत. पण १६२५ च्या ऑक्टोबरात, साथीच्या लंडनमध्ये, एका तीन वर्षांच्या मुलीने बापाला काय आणून द्यायचं कबूल केलं होतं, हे कळायला या कातारीच्या वहीशिवाय दुसरी वाट नाही.